जैवविविधतेची जागतिक उद्दिष्टे आणि गावची नोंदवही

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



‘जैवविविधता’ हा शब्द मराठीत येऊन फार काळ लोटलेला नाही. ज्या इंग्रजी शब्दावरून तो घडला, तो शब्दसुद्धा १९८५-८६ च्या सुमारास वॉशिंग्टन येथे भरलेल्या एका परिषदेच्या तयारीत जन्माला आला. शब्द नवा, वस्तू मात्र जुनीच. शेतकऱ्याने बियाण्यासाठी राखून ठेवलेले भाताचे चार वेगवेगळे वाण ही जैवविविधता. ओढ्याकाठच्या झाडीतील पाखरे, किडे, बुरशी हीही जैवविविधता. आणि डोंगर, पाणथळ, गवताळ माळ, खाडी अशा निरनिराळ्या परिसरांचे निराळेपण हीदेखील जैवविविधताच. या तिन्ही थरांना एका नावाखाली आणल्यामुळे एक गोष्ट सोपी झाली : तिच्याविषयी राष्ट्राराष्ट्रांना एका मेजाभोवती बसून करार करता येऊ लागला.

तो करार ५ जून १९९२ रोजी ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे भरलेल्या वसुंधरा परिषदेत स्वाक्षरीसाठी खुला झाला. भारताने त्याच दिवशी सही केली आणि १९९४ च्या फेब्रुवारीत त्यास रीतसर मान्यता दिली. करार अंमलात आला तो २९ डिसेंबर १९९३ पासून. आज जगातील जवळजवळ सर्व राष्ट्रे त्यात सामील आहेत. ठळक अपवाद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा. त्यांनी १९९३ मध्ये सही केली, परंतु त्यांच्या सिनेटने अद्याप त्यास संमती दिलेली नाही. जगातील औषधनिर्मितीचा आणि जैवतंत्रज्ञानाचा एवढा मोठा व्यापार ज्या देशात चालतो, तोच देश या कराराबाहेर असावा, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कराराची उद्दिष्टे तीन. जैवविविधतेचे संरक्षण हे पहिले. तिच्या घटकांचा टिकाऊ वापर, म्हणजे पुढच्या पिढीच्या ताटातले न काढता केलेला वापर, हे दुसरे. आणि त्या वापरातून जो लाभ होईल त्याची न्याय्य वाटणी, हे तिसरे. सामान्यतः भाषणांतून आणि वर्तमानपत्रांतून पहिल्याचीच चर्चा होते. वाघ, हत्ती, पक्षी यांची छायाचित्रे छापता येतात. लाभाच्या वाटणीचे छायाचित्र कसे छापणार? परंतु रिओच्या वाटाघाटीत गरीब देशांनी जो आग्रह धरला तो तिसऱ्या उद्दिष्टाचा होता. तोपर्यंत वनस्पतींचे आणि पिकांचे वाण ही ‘मानवजातीची सामायिक ठेव’ आहे असे मानण्याचा प्रघात होता. १९८३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तसा उल्लेखही केला होता. ऐकायला ही कल्पना उदात्त वाटते. व्यवहारात मात्र बी दक्षिणेकडून फुकट जाई आणि त्यापासून बनलेले औषध किंवा सुधारित बियाणे एकस्वाच्या शिक्क्यासह विकत परत येई. रिओच्या कराराने प्रत्येक राष्ट्राचा स्वतःच्या जैविक संपत्तीवर सार्वभौम हक्क मान्य केला, आणि या जुन्या व्यवहाराला प्रथमच कायदेशीर अडसर बसला.

आता उद्दिष्टांचा, म्हणजे ठराविक वर्षापर्यंत ठराविक मजल गाठण्याच्या प्रतिज्ञांचा, इतिहास पाहू. हा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही, हे आधीच सांगितलेले बरे. २००२ साली हेग येथे ठरले की, जैवविविधतेच्या ऱ्हासाचा वेग २०१० पर्यंत लक्षणीयरीत्या कमी करायचा. २०१० उजाडले आणि करारसंस्थेच्याच अहवालाने ते साधले नसल्याची कबुली दिली. त्याच वर्षी जपानमधील नागोया येथे वीस नवी लक्ष्ये ठरली. त्या प्रांताच्या नावावरून त्यांना ‘आयची लक्ष्ये’ म्हणतात. जमीन व गोडे पाणी यांचा १७ टक्के आणि सागराचा १० टक्के भाग २०२० पर्यंत संरक्षित व्हावा, हे त्यांपैकी एक. दोन वर्षांनी, २०१२ च्या ऑक्टोबरात, करारातील राष्ट्रांची अकरावी परिषद हैदराबादला भरली आणि विकसनशील देशांकडे जाणारा निधी दुप्पट करण्याचे तेथे कबूल झाले. २०२० मध्ये हिशेब मांडला गेला तेव्हा वीसपैकी एकही लक्ष्य पूर्णांशाने गाठलेले नव्हते. सहा अंशतः साधली होती.

यानंतरची परिषद चीनमधील कुनमिंग येथे व्हायची होती. कोविडच्या साथीमुळे ती लांबत गेली, तिचे दोन भाग झाले, आणि अखेरचा निर्णय १९ डिसेंबर २०२२ रोजी कॅनडातील माँट्रिऑल येथे झाला. म्हणून त्या आराखड्याला दोन शहरांचे जोडनाव आहे : कुनमिंग-माँट्रिऑल. त्यात २०५० साठी चार ध्येये व २०३० साठी तेवीस लक्ष्ये आहेत. जमीन आणि समुद्र या दोहोंचा किमान ३० टक्के भाग संरक्षणाखाली आणणे. बिघडलेल्या परिसरांपैकी ३० टक्क्यांची डागडुजी सुरू करणे. कीटकनाशकांपासूनचा धोका निम्म्यावर आणणे. निसर्गाला अपायकारक ठरणारी सरकारी अनुदाने वर्षाकाठी किमान ५०० अब्ज डॉलरांनी कमी करणे. आणि सर्व मार्गांनी मिळून वर्षाला २०० अब्ज डॉलर उभे करणे, अशी ती मोठी यादी आहे. भारताने या आराखड्याला अनुसरून आपली तेवीस राष्ट्रीय लक्ष्ये २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस कोलंबियातील काली येथे भरलेल्या परिषदेत जाहीर केली.

एवढ्या मोठ्या आकड्यांपुढे सामान्य वाचकाला प्रश्न पडतो की, याचा आपल्याशी संबंध काय. त्याचे उत्तर गिधाडाकडे आहे.

१९८० च्या दशकापर्यंत गिधाड हा भारतातील अगदी नित्याचा पक्षी होता. गावाबाहेर मेलेले गुरू टाकले की थव्याने उतरून गिधाडे काही तासांत हाडे तेवढी शिल्लक ठेवीत. त्यांची मोजदाद करावी असे फारसे कोणाला वाटत नसे. १९९० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभु प्रकाश यांना गिधाडे माना खाली टाकून बसलेली, मरून पडलेली, घरटी ओस पडलेली दिसू लागली. पुढील पाहण्यांतून जे उघड झाले ते पक्ष्यांच्या इतिहासात क्वचितच घडलेले आहे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. लांब चोचीचे आणि निमुळत्या चोचीचे या दोन जातींची घटही ९५ टक्क्यांच्या वर गेली. रिओत सही झाली ते वर्ष १९९२. कराराची शाई वाळत होती आणि पक्षी आकाशातून नाहीसे होत होते.

कारण कळायला २००४ साल उजाडावे लागले. पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी मेलेल्या गिधाडांच्या शरीरात युरिक आम्लाचे पांढरे थर पाहिले, मूत्रपिंडे निकामी झालेली पाहिली, आणि शोध घेत घेत ते डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधापर्यंत पोहोचले. माणसाच्या गुडघेदुखीवर दिले जाणारे हे औषध स्वस्त झाल्यावर गुरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले होते. औषध दिल्यानंतर लवकरच जनावर मेले तर त्याच्या मांसात ते उरते, आणि ते मांस खाणारे गिधाड दोन-चार दिवसांत मरते. एका मढ्यावर पन्नास पक्षी बसतात. सबब शंभर मढ्यांत एखादे जरी विषारी असले तरी सारी जात खचण्यास तेवढे पुरे होते. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्झिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध पर्याय म्हणून उपलब्ध होते. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्याकडे वळतात असे दिसल्यावर २०१५ मध्ये त्यांचा आकार मर्यादित झाला, आणि २०२३ मध्ये याच प्रकारच्या आणखी दोन औषधांवर, केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवर, जनावरांच्या बाबतीत बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे व अन्यत्र गिधाडांची पैदास केंद्रे चालविली जात आहेत. संख्या सावरण्यास मात्र दशके लागतील, कारण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते.

गिधाडे गेल्यामुळे काय बिघडले? मढी सडत पडली, भटक्या कुत्र्यांना खाद्य मिळाले, पाणवठे दूषित झाले. मुंबईच्या पारशी समाजाला तर आपल्या अंत्यविधीची शतकांची रीत कशी चालवावी हा प्रश्न पडला. आयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज केला आहे की, २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मृत्यू पावली. अंदाज तो अंदाज. त्यात कमीअधिक होऊ शकेल. परंतु ज्या पक्ष्याला अशुभ मानून कोणी घरावर बसू देत नसे, त्याच्यावाचून माणसांच्या मृत्यूच्या आकड्यांत फरक पडतो, हे आता कोणी हसण्यावारी नेऊ शकणार नाही.

येथे टक्केवारीच्या लक्ष्यांविषयी एक शंका मांडली पाहिजे. गिधाडे अभयारण्यातच राहत नव्हती. ती गावकुसाबाहेर, हाडकीच्या माळावर, रस्त्याकडेच्या उंच झाडांवर राहत. देशाची १७ टक्के काय, ३० टक्के जमीन कुंपणाने वेढली असती तरी त्यांचा बचाव झाला नसता, कारण विष कुंपणाबाहेरच्या गोठ्यातून येत होते. क्षेत्रफळ मोजणे सोपे असते आणि म्हणून प्रत्येक सरकार तेच मोजून दाखवते. २०२४ च्या अहवालानुसार जगातील १७.६ टक्के जमीन व गोडे पाणी आणि ८.४ टक्के सागर संरक्षणाखाली आहे. आकडा वाढतो आहे ही गोष्ट चांगलीच. पण औषध, कीटकनाशक, अनुदान यांसंबंधीची लक्ष्ये, जी अधिक अवघड आणि अधिक लोकांना दुखावणारी आहेत, ती मागे पडतात असाच आजवरचा अनुभव आहे.

आता तिसऱ्या उद्दिष्टाकडे, आणि ग्रंथालयाच्या अगदी निकटच्या विषयाकडे वळू.

१९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एकस्व कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून काढण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे एकस्व दिले. ज्या घरात बोट कापले की आजी हळद चेपते, त्या घरातील कोणालाही ही बातमी थट्टा वाटावी. पण अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे ही थट्टा नव्हती. परदेशात लोक एखादी गोष्ट पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत, एवढ्याने तेथे भागत नसे. ती कोठेतरी छापलेली दाखवावी लागे. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये आव्हान दिले. माशेलकरांचा जन्म गोव्यातील माशेल गावचा. तेव्हा हळदीच्या घरगुती गुणांविषयी त्यांना वेगळे सांगण्याची गरज नसावी! गरज होती ती कागदाची. बत्तीस छापील व लिखित आधार गोळा करण्यात आले. त्यांत शंभर वर्षांहून जुने ग्रंथ होते, संस्कृत, उर्दू, हिंदी उतारे होते, आणि १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक लेखही होता. १९९७ साली एकस्व रद्द झाले.

हा विजय जुन्या पानांनी मिळविला. कोणत्या कपाटात, कोणत्या ग्रंथपालाने, कशाला ठेवलेत हे जुने अंक म्हणून हिणवले जात असताना जपलेली ती पाने. या अनुभवातूनच २००१ पासून आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतील योग पाच परकीय भाषांत उतरवून एकस्व कार्यालयांना पाहता येतील असा पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह सरकारने उभारला. कडुनिंबाच्या बुरशीनाशकाचे युरोपातील एकस्वही दीर्घ लढ्यानंतर २००५ मध्ये अखेरचे रद्द झाले. युरोपचा कायदा अन्य देशांतील प्रत्यक्ष वापरही पुरावा म्हणून मानतो, हा तेथला फरक.

मग जे कोठेच लिहिलेले नाही त्याचे काय? केरळातील अगस्त्यमलाईच्या डोंगरात राहणाऱ्या काणी आदिवासींनी १९८७ साली संशोधकांना एक फळ दाखविले. ते चघळले की डोंगर चढताना थकवा येत नसे. त्या वनस्पतीपासून, ‘आरोग्यपच्चा’पासून, ‘जीवनी’ नावाचे औषध तयार झाले, १९९५ मध्ये ते एका औषधशाळेला बनविण्यास दिले गेले, आणि मिळालेल्या मोबदल्यातील निम्मा वाटा काणींच्या विश्वस्त निधीकडे गेला. लाभाच्या वाटणीचे जगातील हे अगदी आरंभीचे उदाहरण म्हणून सर्वत्र सांगितले जाते. ते सांगताना पुढचा भाग बहुधा गाळला जातो : वनस्पती लावण्यास व गोळा करण्यास वनखात्याने हरकत घेतली, कच्चा माल अपुरा पडला, आणि अपेक्षेइतका पैसा कधी वाहिलाच नाही. एका खात्याने हात दिला, दुसऱ्याने अडविला. रिओतील तीन उद्दिष्टे कागदावर सख्खी भावंडे असली तरी सरकारी इमारतीत ती वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात.

भारताने २००२ साली जैविक विविधता कायदा केला. चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण, राज्यांत मंडळे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत व नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती, अशी त्याची रचना. समितीने गावाची ‘लोकजैवविविधता नोंदवही’ करायची : कोणती झाडे, कोणते मासे, कोणते पिकांचे वाण, कोणती कंदमुळे, कोण त्यांचे जाणते. ही कल्पना रुजविण्यात पुण्याचे डॉ. माधव गाडगीळ यांचा वाटा मोठा. त्यांनी आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवराया पायी हिंडून अभ्यासल्या होत्या. एकाही सरकारी फलकावाचून, देवाच्या धाकाने म्हणा वा गावाच्या शहाणपणाने म्हणा, राखलेली ही राने त्यांना ठाऊक होती. म्हणून गावकऱ्याच्या माहितीवर त्यांचा विश्वास होता.

प्रत्यक्षात कित्येक वर्षे नोंदवह्या झाल्याच नाहीत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२० च्या जानेवारीअखेरची मुदत घालून दंडाची तंबी दिली, तेव्हा झपाट्याने समित्या उभ्या राहिल्या. आज त्यांची संख्या अडीच लाखांच्या वर आहे. घाईत भरलेल्या वहीत काय असते हे जाणकारांना सांगावे लागत नाही. शेजारच्या गावाची यादी, पाठ्यपुस्तकातील नावे, आणि खाली सरपंचाचा शिक्का.

दरम्यान २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि लागवडीच्या औषधी वनस्पती वापरणाऱ्यांना तिने लाभवाटणीच्या बंधनातून सूट दिली. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने देशी कंपन्यांनाही लाभाचा वाटा द्यावा लागेल असा निर्णय दिला होता. या दुरुस्तीने त्याची धार बरीच बोथट केली. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. हळद वाचली ती ग्रंथात लिहिलेली होती म्हणून. आता जे ग्रंथात लिहिलेले आहे त्यावर गावाचा वाटा मागता येत नाही. जाणत्या वैदूने, सुइणीने, धनगराने आपले ज्ञान वहीत लिहून द्यावे की न द्यावे? लिहिले नाही तर परका बळकावील आणि त्याच्यासोबत ते विसरलेही जाईल. लिहिले तर ते कोण उघडील, याची खात्री त्याला कोण देणार? नोंदवहीतील असे ज्ञान समितीच्या संमतीवाचून उघड होऊ नये, हा संकेत म्हणूनच महत्त्वाचा आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे शहरातल्या सुशिक्षितांचेही काम आहे.

हाच प्रश्न जागतिक पातळीवर नव्या रूपाने उभा राहिला आहे. २०१० चा नागोया शिष्टाचार प्रत्यक्ष नमुना, म्हणजे बी, पान, माती, नेण्यासंबंधी आहे. आता नमुना नेण्याची गरजच उरत नाही. जीवाची जनुकीय अक्षरमाला संगणकावर चढविली की ती जगात कोठेही वाचता येते आणि तीवरून औषध घडविता येते. काली येथे यावर तोडगा म्हणून एक निधी ठरला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रोम येथे तो सुरू झाला : अशा माहितीवर धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा एक दशांश टक्का त्यात घालावा, आणि किमान निम्मी रक्कम आदिवासी व स्थानिक समाजांकडे जावी. पण हे देणे ऐच्छिक आहे. ऐच्छिक वर्गणीवर ग्रंथालय चालविणाऱ्यांना त्या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको.

३० टक्क्यांच्या लक्ष्याविषयीही एक भीती आहे. संरक्षित क्षेत्र वाढविणे याचा अर्थ आपल्याकडे अनेकदा माणसांना उठविणे असा झालेला आहे. माँट्रिऑलच्या आराखड्यात आदिवासींच्या हक्कांचा उल्लेख आहे तो या भीतीमुळेच. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, बांबू स्वतः विकला आणि जंगलही राखले. टिकाऊ वापर म्हणजे काय हे पाहायचे तर परदेशात जाण्याची आवश्यकता नाही. त्या गावाचे जंगल कोणत्याही अभयारण्याच्या नकाशात नाही. तरी ते ३० टक्क्यांत धरावे काय, धरले तर त्यावर पुन्हा कोणा खात्याची सत्ता येईल काय, असे प्रश्न देवरायांच्या बाबतीतही उद्या येणार आहेत.

नोंदवहीसंबंधी एक व्यावहारिक मुद्दा उरतो, तो नावांचा. ज्या झाडाला रत्नागिरीकडे रातांबा म्हणतात त्याला गोव्यात भिरंड म्हणतात आणि कन्नड मुलखात मुरुगल. शास्त्रीय नाव एकच, परंतु फळ कधी उतरवायचे, आगळ कशी धरायची, बियांचे मुठेल कशावर लावायचे, ही माहिती शास्त्रीय नावाला चिकटलेली नसते. ती त्या त्या गावच्या नावाला चिकटलेली असते. सीमाभागातील वा परप्रांतातील गावात नोंदवही राज्यभाषेच्या छापील नमुन्यात भरली जाते, आणि त्या नमुन्यात घरात बोलल्या जाणाऱ्या नावाला बहुधा एकच अरुंद रकाना असतो. तो रकाना कोरा सोडू नये यासाठी म्हाताऱ्या माणसांजवळ बसून, त्यांच्या संमतीने, नावे आणि उपयोग उतरवून घेणारी चार तरुण माणसे प्रत्येक गावाला हवी आहेत. आणि त्या वहीची एक प्रत जपून ठेवील, मागणाऱ्याने का मागितली याची नोंद ठेवील, अशी एक जागाही हवी आहे.